विचारल्याने कुणी मरत नाही

आत्महत्या प्रतिबंधाच्या प्रशिक्षणवर्गात एक क्षण हमखास येतो. आशा सेविका, शिक्षक, हवालदार, बचत गटाच्या ताई अशी मंडळी जोडीजोडीने समोरासमोर बसलेली असतात. एकीने खचलेल्या बाईची भूमिका घ्यायची, दुसरीने तिला बोलते करायचे. हातात नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली असते, जी जगभर वापरली जाते. झोप लागते का, जेवण जाते का, थकवा वाटतो का, इथपर्यंत सगळे सुरळीत चालते. नववा प्रश्न आला की आवाज बसतो. “काकू, तसलं काही वाईटसाईट नाही ना येत मनात?” समोरची मान हलवते, “नाही गं बाई.” तपासणी संपली. असा प्रश्न विचारला की उत्तर ‘नाही’च येणार, कारण विचारणारीला तेच ऐकायचे आहे हे समोरचीला कळते. प्रशिक्षक तिथे थांबवतात आणि पुन्हा विचारायला लावतात: “जीव द्यावा असं मनात येतं का?” एकदा, दोनदा, जीभ अडखळायची थांबेपर्यंत.

एवढे वाक्य न चाचरता विचारता येणे आणि उत्तर ‘हो’ आले तर पळून न जाता तिथेच बसून राहणे, हा या प्रशिक्षणाचा गाभा. विरोधही नेमका यालाच होतो. शाळांची व्यवस्थापने, गावातले पुढारी, घरातली वडीलधारी माणसे, कधीकधी डॉक्टरसुद्धा नाके मुरडतात. त्यांच्या मनात खोट नसते. पण त्यांचे म्हणणे चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली होती, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

सर्वांत चिवट आक्षेप असा: विषय काढला तर ज्याच्या डोक्यात तो विचार नाही त्याच्याही डोक्यात शिरेल. ऐकायला पटते, म्हणूनच तो टिकून आहे. पण तो तपासून झालेला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत. विचारलेल्या मुलांचा ताण वाढला नाही, त्यांच्यात तसले विचारही वाढले नाहीत. उलट जी मुले आधीच उदास होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा ताण कमी झालेला दिसला. पुढे २०१४ मध्ये अशा तेरा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. विचारल्यामुळे विचार बळावल्याचे त्यात कुठेही आढळले नाही. जो माणूस महिनाभर एकटाच हे ओझे वाहतो आहे, त्याला कुणीतरी सरळ विचारले तर धक्का बसत नाही. निदान एका माणसापुढे तरी लपवायचे कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप शहाणपणाचा आव आणून येतो: ज्याला जायचे तो जाणारच, आज वाचवले तर उद्या जाईल. मृतांच्या घरच्यांना धीर देताना हे वाक्य बोलले जाते, तेव्हा त्यात माया असते. त्याच वाक्याचे धोरण केले की ते क्रूर होते. अमेरिकेतल्या एका पुलावरून १९३७ ते १९७१ या काळात ज्यांना ऐनवेळी मागे खेचले गेले, अशा ५१५ जणांचे पुढे काय झाले याचा शोध १९७८ मध्ये घेतला गेला. सुमारे ९४ टक्के माणसे एकतर हयात होती किंवा नैसर्गिक कारणांनी वारली होती. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. त्यातली बरीच वर्षे तिथे यादवी युद्ध चालू होते आणि गरिबी काही संपलेली नव्हती. मरणाची ऊर्मी लाटेसारखी येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत जवळ कुणी असणे आणि घातक वस्तू हाताशी नसणे, यावर पुष्कळ काही ठरते. तेवढा वेळ माणसाला कसे सांभाळायचे, हे शिकवता येते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला घाईने उत्तर देणे हा अपमान ठरेल. विदर्भ-मराठवाड्यातले कार्यकर्ते विचारतात: कापसाला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकलेले, सावकार दारात, आणि तुम्ही समुपदेशन घेऊन येता? शेतकऱ्याला मनोरुग्ण ठरवून सरकारला मोकळे सोडता? हा राग खरा आहे. २०२२ मध्ये देशात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. त्यावर आपल्या व्यवस्थेकडे असलेले सर्वांत पक्के उत्तर म्हणजे मृत्यूनंतर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवणारी समिती आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये. हमीभाव, पीकविमा, सिंचन यांच्या बदल्यात कुणी समुपदेशक देऊ करत असेल तर त्याला गावाबाहेरच काढले पाहिजे.

पण ‘हे की ते’ अशी निवड करायला कुणी सांगितले? एकाच शिवारात, एकाच कर्जाखाली, एकाच बुडालेल्या हंगामात शंभर घरे असतात आणि त्यातले एक घर त्या टोकाला जाते. त्या एका घरात कर्जाच्या जोडीला आणखी काय साचले होते, हे आधी कळण्याची सोय हवी की नको? पोलिसांच्या नोंदीत कारणांचा रकाना ढोबळ असतो हे मान्य करूनही, २०२२ मध्ये देशातल्या सर्व आत्महत्यांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि कर्जबाजारीपणा ४.१ टक्के अशी विभागणी होती. त्याच वर्षी पंचवीस हजारांहून अधिक गृहिणींनी आत्महत्या केली, म्हणजे शेती क्षेत्रातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघाला, ना पात्र-अपात्राची समिती बसली.

आणि प्रशिक्षण म्हणजे गोड बोलून परत पाठवणे, ही समजूतही बरोबर नाही. पुण्याच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ने नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प आधी करून पाहिला आणि नंतर तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. त्यात गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला, धीर द्यायला आणि गंभीर रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचवायला शिकवले. त्याचबरोबर निराधार, विधवा, अपंग यांना सरकारी योजना मिळवून देणे हाही त्यांच्या कामाचाच भाग ठेवला. मन खचलेल्या माणसाला तहसील कचेरीत चार हेलपाटे घालण्याचे बळ नसते. त्याचा अर्ज भरून देणारा, त्याच्याबरोबर जाणारा माणूस हाच त्याचा समुपदेशक. कर्जमाफीसाठी भांडणारा कार्यकर्ता आणि हा शेजारी एकमेकांचे काम हलके करतात.

उरला तो तज्ज्ञांचा आक्षेप: हे मनोविकारतज्ज्ञाचे काम, अडाणी हातात देऊ नका. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही, प्रमाण सुमारे ०.७५ आहे आणि त्यातलेही बहुतेक शहरांत. तेव्हा तज्ज्ञ की शेजारी असा प्रश्नच नाही. शेजारी की कुणीच नाही, असा आहे.

शिवाय शेजाऱ्याला जमते, याचा पुरावा घरातलाच आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगाथ’ या संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांना तयार केले. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत याच धर्तीवर ‘विश्राम’ प्रकल्प चालला. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलायचे, गरजू माणूस समुपदेशकाकडे आणायचा, गंभीर असेल तर मनोविकारतज्ज्ञ बघणार, अशी साखळी होती. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. ज्या अमरावतीचे नाव वर्षानुवर्षे मृत्यूंच्या यादीतच वाचायला मिळाले, त्या जिल्ह्याची ही आकडेवारी आहे. ती प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवी होती.

डॉक्टर-परिचारिकांनाही हे शिकावेच लागते, कारण पदवीबरोबर ते येत नाही. प्रयत्नातून वाचलेला माणूस रुग्णालयात येतो, पोट साफ होते, सलाइन लागते, डिस्चार्ज मिळतो आणि तो त्याच घरात परततो. पुढचे आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या ठिकाणी अशा १,८६७ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्यांशी डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलणे आणि पुढचे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन किंवा भेट, एकूण नऊ वेळा. दीड वर्षानंतर आत्महत्येने गेलेल्यांचे प्रमाण नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के होते, या गटात ०.२ टक्के. इतका स्वस्त उपाय आपल्या जिल्हा रुग्णालयांत अजून रोजचा भाग झालेला नाही, हे अक्षम्य आहे.

कायद्याची भीती घालणाऱ्यांनाही एक आठवण करून द्यायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम उरलेले नाही. मदत मागितली म्हणून कुणाला तुरुंगात जावे लागणार नाही, हे हवालदाराला आधी कळले तरच गावाला कळेल.

आता मंडनाची बाजूही तितक्याच कडक नजरेने पाहायला हवी, कारण या क्षेत्राचे खरे शत्रू विरोधकांपेक्षा उरकून टाकणारे समर्थक आहेत. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी पुलाव, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि समूह छायाचित्र, झाले प्रशिक्षण! असल्या वर्गांनी काही होत नाही. युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळांमध्ये अकरा हजारांवर मुलांवर झालेल्या अभ्यासाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले. फक्त शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले, तेव्हा फारसा फरक पडला नाही. जिथे मुलांनाच बोलायला, नाटुकल्यांतून प्रसंग मांडायला, एकमेकांना मदत करायला शिकवले, तिथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये सगळ्या डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण दिले, आत्महत्या घटल्या. काही वर्षांत त्यातले बरेच डॉक्टर बेट सोडून गेले, उजळणी झाली नाही आणि आकडे पुन्हा चढले. घट झाली होती तीही मुख्यतः स्त्रियांमध्ये, कारण पुरुष डॉक्टरकडे गेलेच नव्हते.

ही शेवटची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे आत्महत्या करणाऱ्यांत दहांतले सात पुरुष असतात आणि पुरुष ना आशा सेविकेपाशी मन मोकळे करत, ना दवाखान्याची पायरी चढत. म्हणून प्रशिक्षण पुरुष जिथे बसतात तिथे गेले पाहिजे. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला कुणाची उधारी किती दिवसांची आहे आणि कोण हल्ली नजर चुकवतो, हे आधी कळते. दूध संकलन केंद्रावरचा कारकून, सलूनवाला, पतसंस्थेचा वसुली अधिकारी, विद्यार्थी वसतिगृहाचा अधीक्षक यांना शिकवल्याशिवाय साखळी पूर्ण होत नाही. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेने ‘मानसमित्र’ घडवून भावनिक प्रथमोपचार सामान्य कार्यकर्त्यांच्या हाती दिले. पुण्यात ‘कनेक्टिंग ट्रस्ट’चे स्वयंसेवक तयारी करूनच हेल्पलाइनवर बसतात. अनुभव इथेच उपलब्ध आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणे आणि पुढे कुठे पाठवायचे याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. ज्यांची मुले शाळा-कॉलेजात आहेत त्या पालकांनी पुढच्या पालकसभेत एवढेच विचारावे: हे प्रशिक्षण कधी झाले, कुणी दिले आणि शिपाईमामा, वसतिगृहाच्या मावशी त्यात होत्या का? ग्रामसभेतही हाच प्रश्न आशा सेविका आणि पोलीस पाटलांबाबत विचारता येतो. आणि वाचकाच्या स्वतःच्या ओळखीतले कुणी हल्ली गप्प झाले असेल, ‘माझं ओझं तुमच्यावर नको’ असे बोलत असेल, तर प्रशिक्षणाची वाट न पाहता आजच सरळ विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच्याजवळ बसूनच ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.