पोटखराब्यांतील पीक

शेतकऱ्याच्या सुखाविषयीं कोणी लिहूं लागला म्हणजे वाचकाच्या कपाळीं आठी पडते, आणि ती पडावी हें योग्यच आहे. ज्याचा कांदा वाहतुकीचा खर्चहि न निघतां विकला गेला, ज्याची कपाशी बोंडअळीनें खाल्ली, त्याच्यापुढें सुखाच्या गोष्टी मांडणें म्हणजे थट्टाच वाटावयाची. म्हणून आरंभींच स्पष्ट करितों कीं, रास्त भाव, पाणी व वेळेवर कर्ज यांच्या जागीं बसविण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. ‘भाव नसेना, मोकळी हवा तर आहे’ असें जो शेतकऱ्यास सांगेल तो त्याचा हितचिंतक नव्हे. परंतु भावासाठीं भांडणाऱ्या माणसाच्या घरींहि दिवस चोवीस तासांचाच असतो, आणि ते तास कसे जावेत हें बाजार समिति ठरवीत नाहीं. तें आपणच ठरवावयाचें आहे.

आमची हयात महसुली कागदांत गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खालीं पोटखराब्याची नोंद असते, ती प्रत्येक खातेदारानें पाहिलेली आहे. पोटखराब्यांत काय काय येतें हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. १९६८ च्या नियमांप्रमाणें ‘अ’ वर्गांत शेतीस अयोग्य जमीन येतेच, पण तिच्याबरोबर खातेदाराचें शेतांतील घर व खळेंहि येतें. ‘ब’ वर्गांत रस्ता, पायवाट, इतरांच्या पाण्याच्या उपयोगाचा ओढा किंवा तलाव, इत्यादि जागा येतात. अशा जमिनीवर आकार बसवीत नाहींत. सरकारच्या दृष्टीनें हें बरोबरच आहे, कारण तेथें पीक उभें राहात नाहीं. पण वाचकांनीं क्षणभर विचार करावा. घर, खळें, पायवाट आणि ओढा! आपल्या आयुष्यांतील ज्या घटका आठवल्या असतां आजहि मन निवतें, त्यांतील बहुतेक याच चार जागीं गेलेल्या नाहींत काय? सरकारनें या जागा आकारणींतून वगळल्या. आपण मात्र त्या आयुष्याच्या हिशेबांतूनच वगळून टाकल्या आहेत. आमचें सांगणें एवढेंच कीं, या पोटखराब्यांतहि पीक येतें व त्याची पाहणी व्हावी.

हें पीक फार थोड्या खर्चांत येतें. पौष-माघांत ज्वारीचें कणीस दुधांतून निघून दाणा भरूं लागला कीं, तो कांहीं दिवसच हुरड्याजोगा असतो. पुढें तो टणक होतो आणि मग थांबवूं म्हटलें तरी थांबत नाहीं. गोवऱ्यांची आगटी, तींत खुपसलेलीं कणसें, हातावर चोळलेला गरम दाणा, सोबत लसणाची नाहींतर जवसाची चटणी. यापुढें पक्वान्नांची मातबरी नाहीं. लातूर व धाराशिव भागांत मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे वेळ अमावास्येस, सारें गांव शेतांत लोटतें. कडब्याच्या कोपींत पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे व आंबील यांवर ताव मारला जातो, आणि वाटेनें जाणाऱ्या परक्या माणसासहि हात धरून जेवावयास बसवितात. जुन्या पिढीनें आनंदाचा दिवस पंचांगांतच बांधून ठेवला, कारण सवडीवर सोडल्यास तो कधींच उगवणार नाहीं हें ती जाणून होती.

कामांतहि असे अनेक क्षण दडलेले आहेत. नांगराच्या तासामागें किडे टिपीत चालणारे गायबगळे आतां ट्रॅक्टरमागें तितक्याच निर्धास्तपणें चालतात. बैल गेले याचें सोयरसुतक त्यांस दिसत नाहीं. पावशाची पहिली हांक, उतरंडीमागें अचानक सांपडलेली मांजरीचीं पिलें, लावून विसरलेल्या सीताफळाच्या रोपास धरलेलें पहिलें फळ, यांची नोंद कोणत्याच नमुन्यांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हे रिकामटेकड्याचे छंद होत. आमचें मत उलट आहे. आनंदानें पाहणारा डोळाच बारकाईनें पाहतो. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास सुटतो त्याचा १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन शास्त्रज्ञांनीं अभ्यास करून त्यास ‘पेट्रिकोर’ असें नांव दिलें. त्यांतील मातकट गंध ज्या द्रव्याचा, तें जिओस्मिन नांवाचें द्रव्य जमिनींतील सूक्ष्म जीव निर्माण करितात. म्हणजे ज्या वासानें आपण ओटीवर येऊन उभे राहतों, तो मातींत जीव नांदत असल्याचा निरोप आहे. तीच गोष्ट पिकाची. मक्यावरील लष्करी अळी २०१८ सालीं आपल्या देशांत प्रथम आढळली. तिचा बंदोबस्त ती पोंग्यांत लहान असतांनाच नीट होतो, आणि ती लहान असतांना कोणास दिसते? जो कामावांचूनहि सकाळीं बांधावरून फेरी मारितो त्याला! २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत आपणच आपल्या पिकाची नोंद करूं लागलों, ही सुधारणा उत्तम झाली. परंतु छायाचित्रापुरतेंच शेतांत जाऊन लगेच परतणारे खातेदारहि आहेत. नोंद झाली, पण पाहणी झाली असें आम्ही म्हणणार नाहीं.

जुनें तें सर्व सोन्याचें, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. खळ्यावर पाथ धरून रात्री काढणें कष्टाचें होतें. मळणी यंत्रानें तें काम थोड्या तासांवर आणलें हें चांगलेंच झालें. पिठाच्या गिरणीनें बायकांच्या पहांटेच्या जात्याची घरघर थांबविली, तिचे उपकार तर फेडतां यावयाचे नाहींत. आमचा प्रश्न निराळा आहे. हा जो वेळ वांचला तो गेला कोठें? पुरुषाचा वेळ पारावर व भ्रमणध्वनीवर गेला असें दिसतें. घरच्या बाईचा वेळ मात्र तिच्या पदरीं पडलाच नाहीं. एक काम सुटलें तोंच दुसरीं दोन येऊन उभीं राहिलीं. हुरड्याचेंच पाहा. चटणी ती वाटते, ताक ती घुसळते, भाकऱ्या बांधून ती आणते, आणि आगटीजवळ बसावयाची तिची पाळी येते तेव्हां निखारे विझलेले असतात. हुरडा तर गरम असतांनाच खावा! ज्या घरांत सुखाच्या दिवशीं घरधनीण अधिक दमते, त्या घरांतील सुखाचा हिशेब कच्चा आहे.

अलीकडे शहरांतील मंडळी पैसे मोजून हुरडा खाण्यास येतात. हा जोडधंदा आम्हांस मान्य आहे. परंतु पाहुण्यांच्या पंगतींवर पंगती उठत असतांना घरच्या मुलांस हंगामभर एक कणीस निवांत मिळूं नये, असें कांहीं ठिकाणीं आमच्या पाहण्यांत आलें. दूध विकून घरीं कोरा चहा प्यावा तशांतलीच ही गोष्ट झाली.

मुलांचा विषय निघाला म्हणून मनांतील खरी चिंता सांगतों. पोरें शेतींत राहात नाहींत अशी तक्रार घरोघर आहे. तिचें मोठें कारण मिळकतीची अनिश्चितता हेंच होय, यांत वाद नाहीं. पण दुसरें एक कारण आपल्याच ओटीवर बसलेलें आहे. जेवावयाच्या पाटावर मुलानें वीस वर्षें रोज शेतीचें रडगाणेंच ऐकलें. बाप कर्जाविषयीं बोलला, चुलता मोजणीच्या भांडणाविषयीं बोलला, आणि आज वांग्यास पहिलें फूल आलें हें मात्र कोणीच बोललें नाहीं. मग त्या मुलानें कशाच्या ओढीनें परत यावें? जमीन वारसानें मिळते, वारसाची नोंद तलाठी करितो. जमिनीविषयींची माया मात्र रोजच्या बोलण्यांतूनच उतरते आणि तिचा फेरफार कोणत्याहि कचेरींत होत नाहीं.

आणखी एक गोष्ट याहून गंभीर आहे. चिंतेनें ग्रासलेला माणूस प्रथम चारचौघांत येणें सोडतो. आगटीभोवतीं, गुऱ्हाळाच्या चुलवणापाशीं, भजनांत मंडळी जमते तेव्हां कोण आला नाहीं आणि कोण येऊनहि गप्प बसला हें शेजाऱ्यास कळतें. तेवढ्यावरून त्याच्या दारीं जाऊन चौकशी करितां येते. असे बैठकीचे प्रसंग बंद पडले म्हणजे एकमेकांचे चेहरे पाहण्याची सोयच नाहींशी होते, आणि बातमी कळते ती फार उशिरां.

म्हणून सभासद बंधूंस आमच्या चार सूचना आहेत. रब्बीच्या ज्वारींत चार तासें गुळभेंडी किंवा ‘फुले उत्तरा’सारख्या हुरड्याच्या वाणाचीं ठेवावीं आणि तीं विकूं नयेत. त्या दिवशीं चूल व आगटी पुरुषांनीं सांभाळावी व बायकांस प्रथम बसवावें. रात्रीच्या जेवणांत देण्याघेण्याचा विषय वर्ज्य करून प्रत्येकानें दिवसांतील एक नवी दिसलेली गोष्ट सांगावी. आणि गांवांत वर्षांतून दोनदां तरी, व्याख्यान व ठराव यांवांचून, नुसतें एकत्र जमावें व न आलेल्याच्या घरीं कोणीतरी जाऊन यावें.

यांत सरकारची परवानगी लागत नाहीं, अनुदानाची वाट पाहावी लागत नाहीं आणि या पिकावर आकारहि बसत नाहीं. यंदाच्या पौषांत प्रत्येक सभासदानें एवढी एक पाहणी स्वतः करावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.