डोंगराआडचा टीव्ही

पावसाळी वीकेंड. मंचर गेलं, घोडेगाव गेलं, डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं. मॅचच्या शेवटच्या तीन ओव्हर उरल्यात आणि मागच्या सीटवरून आरोळी येते, "अरे, पुन्हा गोल गोल फिरतंय!" भीमाशंकरच्या रस्त्यावरचा हा सीन तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. माळशेजला जाणाऱ्यांचीही कथा फारशी वेगळी नाही.

पण फोनवर मॅच बघायला मुळात इंटरनेट कशाला हवं? छतावरच्या अँटेनाने आपल्या आईबाबांनी टीव्ही बघितलाच ना! १९७३ मध्ये सिंहगडावरच्या टॉवरने पुण्याला चित्रं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा कुणी डेटा पॅक मारला नव्हता. टॉवर एक, बघणारे हजार असोत की दहा लाख, त्याला फरक पडत नाही. हेच डिजिटल करून थेट हातातल्या फोनवर आणायचं, एवढीच आयडिया.

ती नवीनही नाही. जपानमध्ये २००६ पासून लोक लोकलमध्ये फोनवर फुकट टीव्ही बघायला लागले. आपल्याकडे दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांसाठी डिजिटल सिग्नल जाहीर केला. फोनला एक छोटा डोंगल लावायचा की झालं. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) त्या यादीत होती. पुणं नव्हतं. (पुणेकरांनी यावर काय म्हटलं असेल ते सांगायला नको.) मग आलं 'डायरेक्ट टू मोबाइल', म्हणजे डीटूएम. २०२४ च्या सुरुवातीला १९ शहरांत त्याच्या चाचण्यांची घोषणा झाली.

आता खरी गंमत. फोनवर टीव्ही पकडणं हे घरातल्या टीव्हीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर. तिच्यासाठी धड अँटेना हवा तर निदान १५ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या फोनएवढा! म्हणूनच जुन्या फोनवर इअरफोन खुपसल्याशिवाय एफएम वाजायचं नाही, आठवतंय? ती वायरच अँटेना होती. वर फोन हातात, हात गाडीत, गाडी घाटात. सिग्नल सरळही येतो आणि समोरच्या कड्यावर आपटून उशिरानेही येतो. जुन्या टीव्हीवर अशा वेळी माणसामागे त्याचं भूत दिसायचं. डिजिटलमध्ये भूत नाही, थेट चित्रच गोठतं.

यावर उपाय आहेत, आणि ते भन्नाट आहेत. फोनमध्ये एकाऐवजी दोन अँटेना द्यायचे. एकाला खड्डा लागला तर दुसरा सावरतो. चित्राची माहिती थोडी पुढेमागे विखरून पाठवायची, म्हणजे झाडाआड सेकंदभर सिग्नल गेला तरी उरलेल्यातून भोक बुजवता येतं. चॅनल कमी ठेवायचे पण दणकट पाठवायचे. आणि माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे दरीदरीत छोटे ट्रान्समीटर, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आणि एकाच ठेक्यात. मग उशिरा आलेला पडसाद अडचण न करता उलट मदतच करतो.

मग जुन्नर-आंबेगावात ठोका की एखाद्या उंच डोंगरावर मोठा टॉवर, असं वाटेल. इथेच गाडी अडते. कारण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. ती इथे आली त्याचं एक कारण म्हणजे हा भाग शांत, आणि शहरांचा रेडिओ गोंगाट डोंगर अडवतात. तुमची मॅच अडवणारे डोंगर तिचे रखवालदार आहेत!

बरं, ती ऐकते काय? २०२३ च्या जानेवारीत बातमी आली, की या दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, एका दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला. निघाला तेव्हा तो १४२० मेगाहर्ट्झचा होता, पोचेपर्यंत ताणून ६२० च्या आसपास आला. म्हणजे चक्क टीव्हीच्या पट्ट्यात. तिथे शेजारी कुणी टॉवर लावून सिरियल दाखवली तर संपलंच.

"मग राहू दे ना, वीकेंडला मॅच नाही बघितली तर काय बिघडतं?" हे आपण म्हणू शकतो, कारण रविवारी रात्री आपण परत कोथरूडला येतो. तिथे राहणाऱ्यांचं काय? ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. बाहेर खबर पोचली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे; तो नेहमीची गाडी घेऊन आला तर गावच जागेवर नव्हतं. टीव्हीने दरड थांबत नाही, मान्य. पण अतिवृष्टीचा इशारा नेटवर्क नसलेल्या दरीतही एकदम सगळ्यांच्या खिशात पोचवायचा, तर प्रसारणाइतका सोपा रस्ता दुसरा नाही.

म्हणून मला विचाराल तर भांडण टीव्ही आणि दुर्बिणीचं नाहीच, टॉवरच्या उंचीचं आहे. डोंगरमाथ्यावर एक दांडगा टॉवर लावण्यापेक्षा पश्चिमेकडच्या खोऱ्यांत, खाली, कमी ताकदीचे बरेच ट्रान्समीटर लावा. सिग्नल दरीतल्या फोनपर्यंत सरळ जाईल आणि पूर्वेकडे खोडदच्या वाटेवर तेच डोंगर आड येतील. फ्रिक्वेन्सीचंही बघा. डीटूएमसाठी चर्चेत आहे तो पट्टा ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ. जीएमआरटीचे रिसीव्हर ऐकतात २५० ते ५०० आणि ५५० ते ८५०. मधले ५०० ते ५५० मोकळे. ८ मेगाहर्ट्झचा एक चॅनल धरला तर सहा बसतात. फिल्टर चांगले लावावे लागतील, खोडदच्या इंजिनीअरांना आधी विचारावं लागेल, आणि एका चॅनलवर इशारे ठेवले तर उरलेल्यांवर मॅच खुशाल दाखवा.

तोवर डोंगलवाल्यांसाठी एक टिप: टॉवरच्या रेंजमध्ये असाल तर छोटा अँटेना उभा न धरता आडवा धरून बघा. टीव्हीच्या लहरी बहुतेक वेळा आडव्याच सोडलेल्या असतात.