अनोळखी शब्दाला भिऊ नका



तुम्ही जॅबरवॉक पाहिला आहे का? नाही ना? तो कोणीच पाहिलेला नाही. हा राक्षस फक्त एका इंग्रजी कवितेत राहतो. लुईस कॅरल यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'थ्रू द लुकिंग ग्लास' या पुस्तकात ती कविता आहे. कॅरल हे ऑक्सफर्डला गणित शिकवत असत.

जॅबरवॉकचे जबडे भयंकर आहेत. त्याचे डोळे आगीसारखे आहेत. वडील आपल्या मुलाला त्याच्यापासून सावध राहायला सांगतात. पण मुलगा तलवार घेऊन जातो आणि त्याला मारून परत येतो. जॉन टेनिएल यांनी या राक्षसाचे चित्र काढले. ते पुस्तकाच्या आरंभी छापायचे ठरले होते. 'मुले घाबरतील का?' असे कॅरल यांनी सुमारे ३० मातांना विचारले आणि शेवटी ते चित्र आतल्या पानावर घातले.

मला मात्र वाटते, की या कवितेत राक्षसापेक्षा शब्दांचीच भीती जास्त वाटते. त्यांतील बरेच शब्द कॅरल यांनी स्वतः बनवले आहेत. पुस्तकातील ॲलिसला त्यांचा अर्थ लागत नाही. तरीही कोणीतरी कोणाला तरी मारले, एवढे तिला कळते. हे कसे?

एक गंमत करू. हे वाक्य वाचा : 'टिरफ्याने गबूला ढुमकावले.' हे शब्द मी आत्ताच बनवले. तरी सांगा, काम कोणी केले? टिरफ्याने. कोणावर केले? गबूवर. हे तुम्हाला 'ने' आणि 'ला' यांनी सांगितले. उर्दूतही 'ने' आहे आणि 'ला'च्या जागी 'को' येतो. म्हणजे अर्धे काम तुम्हाला आधीच येत होते!

काही लोक म्हणतात, अशा कविता वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे. मला ते पटत नाही. मराठीच्या तासाला अनोळखी शब्द आला, की काही मुले तिथेच अडतात. आपण चुकू, सगळे हसतील, म्हणून गप्प बसतात. अशी मुले मग बोलायलाच शिकत नाहीत. ही कविता आपल्याला न थांबता पुढे वाचायला शिकवते.

वाक्य पूर्ण वाचा. अर्थाचा अंदाज करा. मग शब्दकोश पाहा. पुष्कळ शब्द ओळखीचे निघतील. शाई म्हणजे तुमची सियाही, खुर्ची म्हणजे कुर्सी. कधी अंदाज चुकेलही. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, पण मराठीत शाळेच्या पिशवीलाही दप्तर म्हणतात! चुकलात तर बिघडत नाही.

उद्या वर्गात नवा शब्द आला, तर तो मोठ्याने वाचा आणि शिक्षकांना त्याचा अर्थ विचारा. आणि दुसरा कोणी विचारत असेल, तर त्याला हसू नका.