पिशवी आपली, निवड त्यांची



आपले लोंढा जंक्शनचे गाव. बेळगाव, धारवाड, गोवा अशा तिन्ही दिशांना येथून गाड्या सुटतात. त्याच गाड्यांनी तरुण मंडळी नोकरीधंद्यासाठी बाहेर पडली आणि कित्येक घरांत वृद्ध माणसेच उरली. त्यांच्या ताटात ताजी भाजी आठवड्यातून किती वेळा पडते, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बटाटा धरत नाहीत. रेशनवर तांदूळ मिळतो, पालेभाजी बाजारातूनच आणावी लागते. शेतकऱ्याचा माल थेट ग्राहकाला मिळावा म्हणून तमिळनाडूत १९९९ साली ‘उळवर संदै’ हे बाजार सुरू झाले. अमेरिकेत २००१ पासून साठीपुढील गरजू नागरिकांना शेतकरी बाजारात चालणारी कूपने देण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे शेतकरी भगिनी पेंड्या आणि वाटे मांडून बसतातच. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून आजींना सरकारी बसने खानापूरला जायला तिकीटही पडत नाही. अडते ते बसच्या उंच पायरीवर, पावसाळी चिखलात आणि परतीच्या जड पिशवीपाशी.

‘आम्हीच भाजी आणून देतो’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. आणून दिलेल्या पिशवीत बहुधा टिकणारे कांदे-बटाटेच असतात. शिवाय वांगे दाबून पाहणे, मेथीची पेंडी निरखणे, भाव विचारणे हा त्यांचा आयुष्यभराचा अधिकार आहे. वय झाले म्हणून तो काढून घेणे योग्य नव्हे.

म्हणून आमचे आवाहन असे : आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी दोघा-दोघांनी मिळून, घरच्यांच्या संमतीने, शेजारच्या एका आजींना किंवा आजोबांना आठवडी बाजारात सोबत करावी. पिशवी आपण धरावी, निवड त्यांनी करावी. पैसे त्यांच्याच हातून द्यावेत. हिशेब तोंडी करून सांगावा. टाकळा, कुर्डू ओळखायला तेच तुम्हाला शिकवतील.

अभ्यास बुडेल अशी शंका काही पालकांना येईल. आम्ही आठवड्यातला एकच तास मागत आहोत. विश्वस्तांना विनंती, की ग्रामपंचायतीशी बोलून बाजारात सावलीला एक बाक ठेवण्याची व्यवस्था करावी. थकलेल्या पायांना मध्ये टेकायला जागा मिळाली, तर पुढच्या बाजारालाही ते येतील.