मिरगाआधी पेटी उघडा

दोडामार्गकरांनो, मिरग तोंडावर आला आहे. लाकडं आत गेली असतील, आगोटीचं सामान भरत आलं असेल. या धावपळीतच आणखी एक काम करा. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवा. आजोबांची पत्रं, जुन्या पावत्या, घरात कुणाला वाचता न येणारे मोडीतले कागद, लग्नाचे पिवळे पडलेले फोटो त्या पेटीतच आहेत. आपल्या पावसात कागदाला बुरशी धरायला एक श्रावण पुरतो आणि वाळवीला तेवढाही लागत नाही.

इंटॅक ही वारसा जपणारी संस्था 1984 साली स्थापन झाली. तिच्या ठिकठिकाणच्या शाखांच्या सभांत वाडे, मंदिरं, तळी यांच्या जतनाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. पण वारशासाठी दोडामार्गात सभा भरेल तेव्हा तिच्यापुढचा पहिला विषय माणसांच्या आठवणींचा असावा, असं माझं ठाम मत आहे. कारण आपल्या वारशाचा मोठा भाग आज बघायला जाताच येत नाही. आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे, केंद्रे ही गावं तिलारी धरणासाठी उठली. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांना ते पाणी मिळतं. भूसंपादनाच्या कागदांत जमिनीचं क्षेत्र आहे, घरांची मापं आहेत, झाडांची मोजदादही आहे. पण तो फणस कुणी लावला, त्याच्या सावलीत कुणाचं बारसं झालं, हे कुठल्याच सरकारी कागदात नाही. ते फक्त तिथून उठून आलेल्या माणसांना ठाऊक आहे, आणि तिशीत घर सोडलेली ती माणसं आता साठीच्या पुढे गेली आहेत.

शेजारच्या गोव्यात, सांगे तालुक्यात, कुर्डी गाव आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जमीन उघडी पडते आणि जुने कुर्डीकर तिथे जमतात. घराचा चौथरा कुठे होता, ते नातवंडांना बोट दाखवून सांगतात. आपल्याला आपला चौथरा दिसो वा न दिसो, एकत्र बसून त्याच्याबद्दल बोलायला कुणाची हरकत आहे?

आठवणी धरणाच्याच आहेत असंही नाही. 19 डिसेंबर 1961 पर्यंत आपल्या पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. डिचोलीत दिलेली लेक माहेरी कशी यायची? 1955 च्या गोवामुक्ती सत्याग्रहाच्या दिवसांत आपल्या घरात कोण येऊन राहिलं होतं? तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. 2002 साली कर्नाटकातून हत्ती पहिल्यांदा बागेत शिरले, त्या रात्री काय घडलं, हेसुद्धा अजून ताजं आहे तोवरच लिहून ठेवायला हवं.

इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव, घरोघर हिंडले. त्यांनी जमवलेल्या कागदांचा पहिला खंड 1898 साली निघाला. आपल्या दारी कुणी राजवाडे येतील म्हणून थांबू नका. तेवढा वेळ आता उरलेला नाही.

वाडीवाडीतल्या मंडळींनो, मिरगाआधीची एक संध्याकाळ ठरवा आणि देवळाच्या मंडपात किंवा कुणाच्या खळ्यात बसा. म्हाताऱ्या माणसांना आधी बोलू द्या, आजींना तर आवर्जून. मान, देवस्थान, गाऱ्हाणं यांविषयी पुरुषांना पुष्कळदा विचारलं जातं. पण सासरी आल्यावर पहिलं पाणी कुठल्या विहिरीचं भरलं, हे बायकांना कुणीच विचारत नाही. मालवणीत बोलणाऱ्यांना मालवणीतच बोलू द्या. मोबाइलवर आवाज नोंदवून घ्या आणि सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख सांगायला लावा.

पेटीतले कागद सावलीत, वाऱ्यावर सुकवा, कडक उन्हात टाकू नका. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. जुन्या फोटोच्या मागे हलक्या हाताने, पेन्सिलीने माणसांची नावं लिहा. अनोळखी चेहऱ्यांचा फोटो पुढच्या पिढीत कुणी ठेवत नाही. मोडी येत नाही म्हणून कागद चुलीत घालू नका. मोडी वाचणारे आजही आहेत. सगळ्याच्या दोन प्रती करा आणि त्यातली एक घराबाहेर, मुंबईच्या किंवा गोव्यातल्या नातेवाइकांकडे ठेवा.

मुंबईच्या चाकरमान्यांनो, चतुर्थीला येऊ तेव्हा बघू, असं म्हणू नका. फोन आजच करता येईल. आणि जे घरीच आहेत, त्यांनी आज दिवेलागणीला घरातल्या सगळ्यांत जाणत्या माणसाजवळ बसावं आणि एवढंच विचारावं : तुमचा घर खंय होता?