मॅनिंगहॅम : दंगलीच्या शिक्क्याखाली दबलेला मोहल्ला

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातलं ब्रॅडफर्ड 2025 साली ब्रिटनचं 'सांस्कृतिक शहर' होतं. पण याच शहरातल्या मॅनिंगहॅम या उपनगराचं नाव काढलं की अनेकांना आजही एकच तारीख आठवते, 7 जुलै 2001. त्या रात्री तिथे दंगल झाली होती. मोहल्ल्यावर एकदा शिक्का बसला की तो किती वर्षं पुसला जात नाही, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणून हा मोहल्ला मुळात कसा उभा राहिला, ते पाहणं आम्हाला गरजेचं वाटतं.

मॅनिंगहॅम आधी एक खेडं होतं. 19व्या शतकात लोकरीच्या धंद्यावर ब्रॅडफर्ड वाढलं आणि पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी इथे बंगले बांधले. त्यांच्यात जर्मनीहून आलेले ज्यू व्यापारीही होते. 1871 मध्ये इथली जुनी गिरणी जळाली. त्याच जागी सॅम्युअल लिस्टर यांनी रेशीम आणि मखमलीची अवाढव्य गिरणी उभी केली. तिची चिमणी 249 फूट उंच आहे. भरभराटीच्या काळात तिथे 11,000 माणसं राबत होती.

डिसेंबर 1890 मध्ये मजुरीत कपात झाली आणि सुमारे 5,000 कामगार संपावर गेले. त्यांच्यात बायका आणि मुलींची संख्या मोठी होती. एप्रिल 1891 मध्ये शहराच्या मध्यभागी चकमकी झाल्या, लष्कर बोलवावं लागलं. संप फसला, पण त्याच असंतोषातून पुढे 1893 मध्ये ब्रॅडफर्डला स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. ब्रिटनच्या कामगार चळवळीत आज या संपाचं नाव मानाने घेतलं जातं. त्या गोऱ्या कामगारांनी दगड उचलले म्हणून त्यांच्या धर्मात खोट कुणी काढत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसं मिळेनात. तेव्हा पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरहून तरुण येऊ लागले. 1960 च्या दशकात मंगला धरणाने तिथल्या सुमारे एक लाख लोकांची घरं-शेतं गेली आणि हिजरत वाढली. सुरुवातीला एका घरात दहा-दहा माणसं राहत, पाळी बदलली की खाटेवरचा माणूसही बदले. चार पैसे गाठीला बांधून परत जायचं, असाच बहुतेकांचा इरादा होता. पण 1962 च्या कायद्याने ये-जा अवघड केली. मग बीवी-बच्च्यांना बोलावून घेतलं गेलं आणि परतीचा विचार मागे पडला. मस्जिदी उभ्या राहिल्या, हलाल गोश्ताची दुकानं आली.

ज्या कामासाठी ही माणसं आली, ते मात्र टिकलं नाही. एकेक गिरणी बंद होत गेली. लिस्टर यांच्या गिरणीला 1990 च्या दशकात टाळं लागलं. आजोबांनी जिथे रात्रपाळ्या केल्या, तिथे आता फ्लॅट आहेत. नातवंडं मात्र त्याच गल्ल्यांत, कामाच्या शोधात मोठी झाली.

2001 मध्ये गोऱ्या वंशवादी संघटनांनी शहरात येण्याची तयारी केली. त्यांच्या मोर्चावर बंदी होती, पण तणाव पेटायचा तो पेटला. रात्रभर पोलिसांवर दगड आणि पेट्रोल बॉम्ब पडले. शेकडो पोलीस जखमी झाले. आत माणसं असताना एका क्लबला आग लावण्यात आली. हे आपल्या पोरांनी केलं असलं तरी जुल्मच होता, हे आपण साफ बोललं पाहिजे. मॅनिंगहॅमच्या अनेक आई-बापांनी तेच केलं. पोलिसांनी फोटो छापले, तेव्हा त्यांनी मुलांचा हात धरून त्यांना ठाण्यात नेलं. पुढे दगडफेकीसाठीही चार-चार, पाच-पाच वर्षांच्या सजा झाल्या. कायद्यावर भरोसा ठेवणाऱ्या त्या आयांना काय वाटलं असेल?

त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात म्हटलं होतं की, इथले समाज 'समांतर आयुष्यं' जगत आहेत. ते खोटं नव्हतं. शाळा वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, मैत्र्याही वेगळ्या. पण पुढची बरीच चर्चा भाषा आणि लग्नं यांवरच घसरली. बंद गिरणीचा विषय मागे राहिला. आमच्या मते घोळ इथेच आहे. गोऱ्या कामगारांचा उद्रेक पोटाचा प्रश्न ठरतो, मुसलमान तरुणांचा उद्रेक मजहबचा प्रश्न ठरतो.

याच मॅनिंगहॅममध्ये बोलँड स्ट्रीटवर 1881 साली बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. जर्मन ज्यूंनी ते मुद्दाम इस्लामी वास्तूच्या धर्तीवर बांधलं. 2012-13 च्या सुमारास मोजकेच सदस्य उरले होते, छत गळत होतं आणि इमारत विकायची वेळ आली होती. तेव्हा शेजारच्या मुसलमान व्यावसायिकांनी आणि मस्जिदवाल्यांनी पैसा उभा केला, सरकारी निधीसाठी अर्ज करायला मदत केली. इबादतगाह वाचली. पुढे तिच्या कारभारी मंडळात एका मुसलमान शेजाऱ्यालाही घेण्यात आलं.

ही बातमी तेव्हा छापून आली होती, पण दंगलीइतकी लोकांच्या लक्षात राहिली नाही. मालेगाव-भिवंडीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आपल्या मुलांनाही उद्या कुणीतरी विचारेल, "तुम्ही त्या मोहल्ल्यातले ना?" तेव्हा त्यांना खाली मान घालावी लागू नये. मोहल्ला कुणी वसवला, कोणत्या कामावर वसला, शेजाऱ्यासाठी तो कधी उभा राहिला, हे त्यांना पाठ हवं. आणि चुकलं तिथे चुकलं म्हणायची हिंमतही हवी. ही तालीम शाळेच्या पुस्तकात येईपर्यंत थांबायचं कशाला? ती घरीच, दस्तरख्वानावर बसून देता येते.