वीस गुणांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की उत्तीर्णांचे प्रमाण गतवर्षाहून किती वाढले वा घटले, एवढाच विचार आपण करतो. आणि पेढे संपतात तसा चार दिवसांत तोही संपतो. परंतु सन २०१८ ते २०२० या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर आपल्या माध्यमिक शिक्षणाचे एक वर्म त्यांत सापडते.

२०१८ मध्ये राज्य मंडळाचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढील वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हाती असलेले वीस गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. साहजिकच ओरड झाली. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळत असता अकरावीच्या प्रवेशात आमचीच मुले मागे का राहावीत, हा पालकांचा सवाल गैरवाजवी नव्हता. काही महिन्यांतच ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. शंभर टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी २०१९ मध्ये २० होते. वर्षभरात ते २४२ झाले. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० मध्ये साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, हे जमेस धरले तरी एवढी उलथापालथ त्याने उलगडत नाही. एका वर्षात राज्यातील मुले मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षी कुशाग्र, असे कोणी म्हणणार नाही.

मग अर्थ एकच उरतो. तोंडी परीक्षा, प्रकल्प, वाचन, संभाषण या उपक्रमांसाठी म्हणून दिलेले हे गुण बहुतांशी उपक्रमांसाठी दिले जातच नाहीत. ते सरसकट वाटले जातात. वर्गापुढे उभे राहून नेटके बोलणारी मुलगी आणि वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा यांच्या गुणांत फारसे अंतर राहत नाही. याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. ज्याने वर्गात खडू धरला आहे त्याला त्याची अडचण ठाऊक असते. शेजारची शाळा एकोणीस गुण देत असता एखाद्या गुरुजींनी प्रामाणिकपणे चौदा दिले, तर त्यांच्या सचोटीची किंमत त्यांचा विद्यार्थी मोजतो. आपल्या सचोटीसाठी दुसऱ्याच्या मुलाचा प्रवेश कोण पणाला लावील? २०२५ पासून अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली असल्याने ही ओढाताण आता आडगावच्या शाळेपर्यंत पोहोचली आहे.

विचार जुना आहे आणि मुळात चांगला आहे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ मध्येच सांगितले होते की, एका बाह्य परीक्षेवर मुलाचे मोल ठरवू नये. शाळेने त्याच्या सर्वांगीण प्रगतीची नोंद ठेवावी. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. त्या कार्यानुभवाची तासिका गणिताच्या जादा तासासाठी उसनी घेतली गेल्याचे आमच्या अनेक वाचकांना आठवत असेल. आयोगांनी नोंद मागितली होती; आपण तिचे गुण केले, आणि गुण झाल्याबरोबर नोंद नाहीशी झाली.

खेळ व कला यांच्या वाढीव गुणांचेही हेच होऊ पाहत आहे. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाचे कौतुक व्हावे, याविषयी दुमत नाही. परंतु प्रमाणपत्र हाती पडताच तबल्यावर खोळ चढत असेल, तर त्या गुणांनी कलेची सेवा केली नाही, टक्केवारीची केली. शिवाय शिकवणीचे शुल्क भरू शकणाऱ्या घरातील मुलाला ही वाट जितकी सुगम, तितकी ती मैदान नसलेल्या शाळेतील वा शेतावर राबणाऱ्या मुलाला नाही.

गुण नसतील तर हस्तलिखित, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, असा आक्षेप येईल. तो निखालस खोटा नाही. पण ज्या शाळांत हे उपक्रम जिवंत आहेत, तेथे ते एखाद्या झपाटलेल्या शिक्षकामुळे आहेत, गुणपत्रिकेमुळे नव्हेत.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मापन आणि नोंद यांची फारकत करावी. तोंडी परीक्षेचे गुण ठेवायचेच असतील, तर ती दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी घ्यावी. उपक्रमांची मात्र शब्दांत नोंद व्हावी: या मुलीने कोणते पुस्तक वाचून वर्गाला सांगितले, या मुलाने कोणते यंत्र उघडून दुरुस्त केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्वंकष प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. तिच्यातही पुन्हा आकड्यांचे रकाने शिरू न देणे, ही शासनाची आणि मंडळाची जबाबदारी होय. आणि पालकांनी? निकालाच्या दिवशी किती टक्के पडले, हे विचारून झाल्यावर, या वर्षात तू काय केलेस, एवढे तरी मुलाला विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसेल, तर त्या टक्क्यांचा हिशेब कोठेतरी चुकला आहे, असे खुशाल समजावे.